परक्या संघातला हात

आई धाकटीची वेणी घालत होती आणि थोरली दारात उभी होती... आत जावं की आल्या पावली परत फिरावं, हे तिला कळेना. राष्ट्रीय आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धेसाठी रिकाम्या केलेल्या वसतिगृहातली ती तळमजल्यावरची खोली. चार खाटा, खाटांच्या कठड्यांवर वाळत टाकलेल्या निळ्या जर्सी, खिडकीत ओळीने मांडलेले खिळ्यांचे बूट आणि सगळ्यावर पसरलेला मलमाचा उग्र वास. त्या परक्या खोलीच्या मधोमध, खाटेच्या कडेला बसलेली आई मात्र इतकी घरातली दिसत होती, की थोरलीला क्षणभर आपण आपल्याच घराच्या दारात उभ्या आहोत असं वाटलं.

आईने वर पाहिलं. दातांत धरलेली पिन काढून ती म्हणाली, “अगं, ये ना आत. पाहुण्यासारखी काय उभी आहेस? हिचं झालं की तुझी घालते.”

धाकटीने मान वळवली नाही. “आई, तिला सांग, या खोलीत फक्त आमच्या विद्यापीठाच्या मुलींना बसता येतं.”

“हो का? मग मी कुठल्या विद्यापीठाची?”

पलीकडच्या खाटेवर नाडी बांधणारी मुलगी फिसकन हसली. धाकटीच्याही ओठांचा कोपरा हलला; पण तिने तो लगेच आवळून धरला, आणि ते आवळणं थोरलीला हसण्यापेक्षा स्पष्ट दिसलं. लहानपणी रुसल्यावर ही पोर अशीच ओठ मिटून बसायची, आणि मग थोरली काहीतरी वेडंवाकडं तोंड करून तिला हसवायची. आता मात्र मध्ये किती वर्षांचा अबोला होता! आणि तो मोडण्याची आशा मनात धरूनच ती जिना उतरून इथवर आली होती, हे तिचं तिला तरी ठाऊक होतं.

“मला नको वेणी,” ती म्हणाली. “मी बांधलेत केस.” आणि ती वळली. आई मागून काहीतरी बोलली. तिने ते ऐकलं नाही.

‘मला नको’ हे शब्द त्या घरात ताटापाण्याइतकेच रोजचे होते. वडील चित्रांना आणि आरशांना चौकटी करून देत. पुढे रस्त्यावर उघडणारं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, आणि दोन्हींना जोडणारा, मध्येच काटकोनात वळणारा अरुंद बोळ. जेवताना शेवटचा घास उरला की चौघंही म्हणत, मला नको, माझं पोट भरलंय. तो घास झाकून ठेवला जाई, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्याच उपयोगाचा राहत नसे. आईला या गोष्टीचा केवढा अभिमान! शेजारची भावंडं एका फळावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत असताना आपल्या पोरी एकमेकींसाठी कशा मागे सरतात, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगे.

त्या बोळातच दोघी धावायला शिकल्या. वडील काच कापायला बसले की घरात कुणी आवाज करायचा नाही, असा दंडक होता. काचेवर रेघ ओढली जात असताना कुणी हाक मारली आणि वडिलांचा हात दचकला, की काच वाकडी तडकलीच. त्यामुळे आतून दुकानात काही पाठवायचं झालं, एखादी लाकडी पट्टी, सरसाचं भांडं, वडिलांचा विसरलेला चष्मा, तर धाकटी ते घेऊन स्वयंपाकघरापासून वळणापर्यंत धावत येई. वळणावर थोरली पाठमोरी उभी असे आणि मागे न बघता डावा हात कमरेखाली, तळवा वर करून, अंगठा ताणून मागे धरी. हाक नाही, शब्द नाही. वस्तू हातात पडली की उरलेला बोळ तिचा. पुढे शाळेच्या रिले संघातही त्या तशाच धावल्या. क्रीडाशिक्षक कपाळाला हात लावत. चारशेच्या रिलेत येणारी मुलगी दमून अर्धमेली झालेली असते, तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं असतं, हात वर धरायचा असतो, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. पण या दोघींच्या हातून बॅटन कधी पडलंच नाही, तेव्हा त्यांनीही अखेर नाद सोडला.

मग वडिलांचा हात काचेने कापला. थोरलीने कॉलेजचं एक वर्ष सोडून दुकान सांभाळलं, ते कुणी न सांगताच. आणि अशा रीतीने दोघी बहिणी एकाच वर्षी, एकाच अंतरासाठी, गावातल्या विद्यापीठाच्या संघाच्या निवड चाचणीपर्यंत येऊन ठेपल्या. क्रीडाशिक्षक बोलता बोलता म्हणाले, चारशेला यंदा एकच जागा आहे म्हणतात. त्यातल्या ‘म्हणतात’कडे थोरलीने लक्ष दिलं नाही. तिला तेवढी ‘एकच’ दिसली, आणि त्या ‘एकच’समोर आशेने उभी असलेली धाकटी दिसली. खरं सांगितलं असतं तर धाकटी म्हणालीच असती, मला नको! तेव्हा खरं सांगायचंच नाही, असं तिने ठरवलं. चाचणीच्या आदल्या दिवशी, भिंतीभर टांगलेल्या रिकाम्या चौकटींच्या मध्ये उभं राहून, धाकटीच्या डोक्यावरून पलीकडे बघत तिने सांगितलं, की ती चाचणीला येणार नाही, दूरच्या विद्यापीठात तिने प्रवेश घेतला आहे आणि जन्मभर धाकट्या बहिणीला सांभाळत बसण्याचा तिला कंटाळा आला आहे.

धाकटी रडली नाही, भांडलीही नाही. ती फक्त बोलेनाशी झाली. आणि थोरलीला त्या प्रवासातली एक गोष्ट अजूनही कुणाला सांगता आलेली नव्हती. बस गावाबाहेर पडली तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखा तिने दीर्घ श्वास घेतला होता... मग तो त्याग होता, की सुटका? पुष्कळदा ती या प्रश्नाच्या दारापर्यंत जाई आणि तिथूनच परत येई.

दुपारी मैदानावर ऊन नुसतं रणरणत होतं. मुलींच्या चार गुणिले चारशे मीटर रिलेची प्राथमिक फेरी. प्रत्येक फेरीतले पहिले दोनच संघ अंतिम फेरीत जाणार होते. त्यांच्या गावच्या विद्यापीठाच्या निळ्या संघातून धाकटी तिसऱ्या टप्प्याला धावत होती. पिवळ्या संघातून थोरली शेवटच्या, चौथ्या टप्प्याला. एकाच फेरीत दोघी आल्या हा निव्वळ चिठ्ठ्यांचा खेळ. आई प्रेक्षागारात नेमकी मध्यावर बसली होती. निळ्यांची माणसं डावीकडे, पिवळ्यांची उजवीकडे. दोन्ही बाजूंनी तिला आपल्याकडे बोलावलं, तेव्हा आपल्याला इथूनच बरं दिसतं, असं तिने सांगितलं.

तिसऱ्या टप्प्याच्या मुली पलीकडच्या वळणावर पोचल्या तशी पंचांनी त्या क्रमाने चौथ्या टप्प्याच्या मुलींना रेषेवर उभं केलं. निळ्यांची मुलगी सर्वांत आत, तिच्या खांद्याला खांदा लावून थोरली. एकमेकींची कोपरं लागत होती. पिवळ्यांची तिसरी धावपटू, जिला तिच्या उंचीमुळे सगळा संघ लाडाने ‘उंटीण’ म्हणे, ती निळ्यांच्या थोडीच मागे होती आणि अंतर कापत येत होती. थोरलीने मागे पाहिलं ते उंटिणीसाठीच. पण तिच्या नजरेला पडली ती धाकटी.

धाकटी संपली होती. पहिल्या अर्ध्यातच तिने सगळा जोर लावून टाकला होता. आता तिची मान मागे पडली होती, गुडघे वर येत नव्हते, डोळे उघडे होते आणि त्यांत काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत थोरलीने तिला धावताना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं! आणि त्या क्षणी काय झालं, ते नंतर कितीही वेळा आठवून पाहिलं तरी थोरलीला नीट सांगता आलं नाही. तिने मान पुढे वळवली. तिचा डावा हात मागे गेला; कमरेखाली, तळवा वर, अंगठा ताणलेला. आणि हातात बॅटन पडलं. अगदी हवं तिथे, हवं तसं पडलं, जराही न हिसकता... आणि ती धावली.

काही पावलं ती नुसत्या आनंदाने धावली. मग तिला प्रेक्षागारातला तो विचित्र आवाज ऐकू आला, ओरडणं नव्हे, हजारो माणसांनी एकदम श्वास घ्यावा तसा. आणि तिने खाली पाहिलं, तर हातातलं बॅटन निळं होतं आणि अंगावरची जर्सी पिवळी. ती थांबली. मागे रेषेवर निळ्यांची मुलगी रिकामा हात पुढे करून उभी होती. उंटीण येऊन पोचली होती आणि हातातलं पिवळं बॅटन धरून सैरभैर होऊन जिकडेतिकडे पाहत होती. आणि धाकटी मार्गिकेवर गुडघ्यांवर बसली होती, तिचं तोंड थोरलीच्या दिशेला होतं, पण आपण काय केलं हे तिला अजून उमगलं नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

प्रेक्षागाराखालच्या एका लांबट खोलीत चौकशी झाली. भिंतीशी अडथळ्यांच्या शर्यतीच्या चौकटी एकावर एक रचल्या होत्या, आणि कोपऱ्यातला पंखा मान फिरवताना दर वेळी कुरकुरत होता. मुख्य पंच चष्मा कपाळावर चढवून सावकाश बोलणारे गृहस्थ होते. पडद्यावर तो प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवला गेला. आणि दर वेळी तो हात मागे जात होता, दर वेळी धाकटी तिच्या समोरच्या, आपल्याच संघातल्या मुलीला ओलांडून त्या हाताकडे येत होती.

निळ्यांच्या प्रशिक्षक बाई उभ्याच होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. असा हात दिसला की धाकटी बॅटन देणार, हे थोरलीला पक्कं माहीत होतं. तिने सापळा लावला. नियम असा होता, की दुसऱ्या संघाने अडथळा आणला आणि ज्याला अडथळा झाला त्या संघाची चूक नसेल, तर त्याला अंतिम फेरीत घेता येतं. बाईंची मागणी तेवढीच होती. पिवळ्यांचे प्रशिक्षक, निवृत्तीला टेकलेले सौम्य स्वभावाचे सर, एवढंच म्हणाले, की या मुलीला ते चांगले ओळखतात, ती तसं करणार नाही.

पंचांनी थोरलीला विचारलं, “तुमच्या संघात बॅटन असं घेतात?”

“नाही.”

“मग आज असं का घेतलंत?”

मला माहीत नाही, हे खरं उत्तर होतं. पण ते किती अपुरं, किती पोकळ वाटलं तिला! तिने भिंतीशी बाकावर बसलेल्या धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या दोन्ही गुडघ्यांवर खरचटलं होतं आणि ती खाली मान घालून ते रक्त वाळताना पाहत होती. एका वाक्यात हिला अंतिम फेरीत पोचवता येईल, हे थोरलीच्या मनात आलं, आणि ते मनात येताच तिला विलक्षण शांत वाटलं. सगळा दिवस जे काही धूसर, गढूळ होतं ते एकदम नितळ झालं. हे तिला येत होतं. हे तिच्या सवयीचं होतं.

“मी मुद्दाम केलं,” ती म्हणाली. ती पंचांच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत होती. “असा हात दिसला की ती देणार, हे मला ठाऊक होतं. तिची काही चूक नाही. तिच्या संघाला पुढे जाऊ द्यावं.”

सरांनी डोळे मिटून घेतले. आणि तेव्हा कुठे थोरलीला उंटीण आठवली, आणि बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या त्या बाकीच्या दोघी. आपलं जे होतं ते देऊन टाकणं निराळं. पण हे तर तिघींचं होतं! त्यांचं नाव, त्यांची वर्षभराची धाव... ते देऊन टाकायचा अधिकार तिला कुणी दिला? शब्द तर तोंडातून गेला होता. नितळ वाटलेलं सगळं पुन्हा ढवळून निघालं.

“सर, ही खोटं बोलतेय,” बाकावरून आवाज आला.

धाकटी उठून उभी राहिली होती. आईच्या मध्यस्थीशिवाय थोरलीबद्दल तिने उच्चारलेले, थोरलीच्या कानांवर पडलेले, ते इतक्या वर्षांतले पहिले शब्द होते.

बाईंनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

“हे असं भिंतीकडे बघत, एकेक वाक्य नीट लावून बोलते ना, तेव्हा ती खोटं बोलते. एरवी तिला धड एक वाक्य पुरं करता येत नाही. एकदा माझ्याशी अशीच बोलली होती. तेव्हा मला कळलं नाही.” तिने मोठ्याने श्वास घेतला. “बॅटन मी दिलं, सर. कुणी ओढून नाही घेतलं. मला पुढचं काही दिसत नव्हतं. तिचा हात दिसला आणि मला वाटलं, पोचले.”

पंख्याने आपली मान फिरवली, कुरकुर केली आणि परत आणली.

बाईंचा पारा चढला होता. आपण काय बोलतोय, संघाचं काय नुकसान करतोय, हे तिला कळतंय का, असं त्यांनी विचारलं. धाकटी त्यांना उत्तर न देता थोरलीकडेच वळली. “चाचणीच्या आदल्या दिवशीही असंच केलं होतंस. माझ्याकडे बघत नव्हतीस. त्या दिवशी खरं काय होतं?”

अगदी हळू, तुटक तुटक, थोरली म्हणाली, “एकच जागा होती... चारशेला... मला वाटलं...”

“कुठली एकच?” बाईंनी मध्येच विचारलं. त्या अजून रागात होत्या, आणि रागात असल्यामुळेच त्यांचं बोलणं इतकं साधं, इतकं कोरडं आलं. “त्या वर्षीची चाचणी म्हणताय? दोन जागा होत्या. तुमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी दोन्ही बहिणींची नावं पाठवली होती, मी दोघींना घेणार होते. तुमची संध्याकाळपर्यंत वाट पाहिली मी मैदानावर. दुसरी जागा वर्षभर तशीच रिकामी राहिली.”

मुख्य पंचांनी टेबलावर बोट वाजवलं आणि हा विषय या समितीपुढे नाही, असं नम्रपणे सांगितलं.

निकाल तासाभराने लागला. खोडसाळपणाचा पुरावा नाही, पण चूक दोन्हीकडची आहे. म्हणून दोन्ही संघ बाद. कुणाही खेळाडूवर बंदी नाही. सरांनी कागदावर सही केली, थोरलीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि निघून गेले. तो हात तिला असह्य झाला. एखादी थोबाडीत बसली असती तर तिला समजलं असतं.

बाहेरच्या बोळकांडात, पाण्याच्या टाकीशी, आई उभी होती. तिला कुणीतरी अर्धं काहीतरी सांगितलं होतं. उरलेलं धाकटीने सांगितलं. आई ऐकत राहिली. दोन जागांपर्यंत आल्यावर तिने टाकीच्या कडेला हात टेकला.

“हे मीच शिकवलं तुम्हाला,” ती म्हणाली. “आणि वर मिरवलं.” तिचे डोळे भरून आले, पण कुणाकडे पाहून रडावं तेच तिला कळेना, म्हणून तिने टाकीचा नळ सोडला, धाकटीला पायऱ्यांवर बसवलं आणि पदर भिजवून तिचे गुडघे पुसायला घेतले. धाकटीने ओठ चावत पुसून घेतले. थोरली जरा दूर उभी होती.

सगळ्या वर्षांचा पायाच कुणीतरी काढून घेतल्यासारखं तिला झालं होतं. एका परक्या गावातल्या परक्या खोलीत, ताप आला असताना, पाय मुरगळला असताना, सुट्टीत बाकीच्या मुली घरी गेल्या असताना, तिने स्वतःशी एकच गोष्ट म्हटली होती, की धाकटी धावतेय ना, मग झालं! आणि आता कळत होतं, की धाकटी तशीही धावलीच असती. मग आपण दिलं तरी काय? कुणाला दिलं? आणि जे दिलं ते जर कुणाला हवंच नव्हतं, तर त्याला म्हणायचं तरी काय?

“तुला वाटत होतं, तू मला जागा दिलीस,” धाकटी म्हणाली. ती गुडघ्यांकडेच पाहत होती. “जागा होतीच. तू फक्त माझी ताई घेऊन गेलीस.”

“तुला कळलं असतं तर तू...”

“तर मी भांडले असते. भांडू द्यायचं होतंस मला.”

थोरली पाण्याच्या टाकीकडे पाहत राहिली, आणि मग, आपण भिंतीकडे बघून बोलतो, हे आठवून तिने मोठ्या प्रयासाने नजर धाकटीच्या चेहऱ्यावर आणली. तिथे ती ठरत नव्हती. “सगळं तुझ्यासाठीच होतं असंही नाही,” ती म्हणाली. “म्हणजे... होतं. पण बस सुटली ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मोकळं. दुकान नाही, बाबांचा हात नाही, तू नाहीस... मला अजून कळत नाही की मी...” वाक्य पुरं झालं नाही. ती रडायला लागली, अगदी लहान मुलासारखी, तोंड वेडंवाकडं करून.

आईचा हात थांबला. धाकटीने थोरलीकडे पाहिलं.

“हे आधी सांगितलं असतंस तर मी केव्हाच बोलले असते तुझ्याशी.”

“का?”

“कारण हे खरं वाटतं,” धाकटी म्हणाली. आणि तिचाही आवाज फुटला. “मी इतकी वर्षं विचार करत होते, ताई, की मी असं केलं तरी काय होतं...”

थोरली तिच्या पायाशी पायरीवर बसली. धाकटीने आधी तिच्या खांद्यावर एक जोराची थाप मारली, चांगली लागेल अशी. मग त्याच खांद्यावर कपाळ टेकलं. आई दोघींपुढे ओला पदर धरून उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण या वेळी ती गप्प राहिली, आणि दोघींपैकी कुणाचंच तिच्यावाचून अडलं नाही.

संध्याकाळ झाली. मैदानावर दुसऱ्या कुठल्या तरी शर्यतीचा शेवट झाला असावा. टाळ्यांचा आवाज येऊन विरून गेला. धाकटीला आपल्या संघाच्या मुलींपुढे आधीच जाऊन यावं लागलं होतं. तिथे काय झालं, ते तिने सांगितलं नाही. फक्त, एकीने बूट फेकून मारला, पण नेम धरला नव्हता, एवढंच सांगितलं. आता थोरलीला वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर, आपल्या संघाच्या खोलीत जायचं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिने पाय ठेवला आणि काढून घेतला.

त्या तिघींना ती काय सांगणार होती? मुद्दाम केलं, असं चौकशीत म्हणाले, ते खोटं होतं. सवयीने केलं, हे खरं असावं. पण ते म्हणताना मला तुमची आठवण झाली नाही, हे तर नक्कीच खरं होतं. यातलं कुठलं आधी सांगायचं? दुपारपासून ती एकटीने जाण्याची तयारी करत होती. शिक्षा एकटीने भोगायची असते, हे ती कधी कुणाकडून शिकली नव्हती आणि कधी विसरलीही नव्हती.

“मला भीती वाटतेय,” ती म्हणाली. आणि मग, हे शब्द तोंडात कसे धरायचे तेच ठाऊक नसल्यासारखी, अडखळत, “तू... माझ्याबरोबर येशील वर?”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. थोरलीने आजवर कधी तिच्याकडे काही मागितलं होतं का, हे ती आठवून पाहत असावी. मग ती लंगडत जिना चढू लागली, आणि थोरली तिच्या मागून.

वरच्या खोलीत दिवा लागला होता. उंटीण जमिनीवर पाय पसरून बसली होती, दुसरी तिच्या पोटऱ्या चोळत होती, तिसरी खिडकीकडे तोंड करून खाटेवर पडली होती. दार उघडंच होतं. थोरली उंबऱ्याशी थांबली. पिवळ्या जर्सींच्या त्या खोलीत निळी जर्सी घातलेली मुलगी आलेली पाहून पोटऱ्या चोळणारीचा हात तेवढा थबकला.

“या,” उंटीण म्हणाली. “मला एवढंच सांग, मी ते बॅटन कुणाला द्यायचं होतं? पंचांना?”

खिडकीकडे तोंड करून पडलेलीचा खांदा हलला. ती रडत होती की हसत होती, ते पाठमोरं कळेना.

“माझं चुकलं,” थोरली म्हणाली. ती पुढचं वाक्य लावायला गेली; त्याला सुरुवात सापडेना, शेवट सापडेना. “मी खाली म्हणाले की मुद्दाम... तसं नव्हतं. पण म्हणाले. तुमचा विचार न करता म्हणाले. आणि हात का गेला ते मला... मला खरंच...”

“तो भाग मी सांगते,” धाकटी म्हणाली, “पण तो लांबलचक आहे. आणि माझे गुडघे दुखताहेत.”

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. राग गेलेला नव्हता. तो त्या खोलीत, वाळत टाकलेल्या कपड्यांच्या ओलसर वासासारखा, सगळीकडे होता, आणि आज तरी जाणार नव्हता. उंटिणीने पसरलेले पाय सावकाश जवळ घेतले.

“आत या आधी, दोघीही,” ती म्हणाली. “दार लावा. डास येतात.”